डार्विनचा श्रद्धावान् मित्र

घराच्या कोनाड्यांत किंवा तुळईच्या कडेला चिखलाचें लहानसें घर बांधणारी कुंभारीण महाराष्ट्रांत घरोघरीं ओळखीची आहे. कोठून तरी एखादी अळी ती उचलून आणते, त्या मातीच्या घरांत कोंडते, तोंड लिंपून टाकते, आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून एक नवी कुंभारीण बाहेर पडते. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें हिची गणना केलेली आहे, आणि एकनाथांच्या टीकेमुळें ती कथा मराठी घरांत येऊन पोंचली. कोंडलेली अळी भयानें भृंगाचें ध्यान करते आणि त्या ध्यानाच्या बळावर स्वतःच भृंग होते, असा तो कीटभृंगन्याय. दृष्टांत म्हणून त्याची गोडी कमी होण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु तेंच मातीचें घर फोडून भिंगाखालीं पाहिलें, तर आंत निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. अळी मेलेली नसते. नांगीच्या दंशानें ती फक्त लुळी झालेली असते. त्याच घरांत कुंभारणीनें एक अंडें घातलेलें असतें, आणि त्यांतून निघालेला किडा ती ताजी, जिवंत शिदोरी सावकाश खाऊन मोठा होतो.

१८६० सालच्या मे महिन्याच्या २२ तारखेस चार्ल्स डार्विननें इंग्लंडांतील डाउन या खेड्यांतून अमेरिकेंतल्या एका मित्रास पत्र लिहिलें. त्या पत्रांत ह्या कुंभारणीच्या दूरच्या नात्यांतल्या, इक्न्यूमन नांवाच्या माश्यांचा उल्लेख आहे. त्यांच्यांतील पुष्कळ जाति जिवंत सुरवंटाच्या अंगांतच अंडीं घालतात. दयाळु आणि सर्वशक्तिमान् परमेश्वरानें असा प्राणी, सुरवंटाचें शरीर आंतून पोखरण्यासाठीं म्हणून, बुद्धिपुरःसर निर्माण केला असेल हें आपल्या मनास कांहीं केल्या पटत नाहीं, असें डार्विननें कळविलें. आणि मांजर उंदराला खेळवून खेळवून मारतें, त्याचाहि दाखला त्यानें जोडला. हें पत्र ज्याच्या नांवें गेलें तो एसा ग्रे हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापक होता. अमेरिकेंतला तो त्या काळचा पहिल्या प्रतीचा वनस्पतिशास्त्रज्ञ. मनापासून ख्रिस्ती, चर्चची उपासना न चुकविणारा. आणि डार्विनच्या नव्या सिद्धांताचा अमेरिकेंतला सर्वांत खंदा कैवारी. ह्या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणीं नांदत होत्या, आणि त्याला त्यांत कांहीं लपवावें लागत नव्हतें.

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधाचा विषय निघाला, कीं बहुधा त्याच सालच्या जून महिन्यांतील ऑक्सफर्डच्या सभेची गोष्ट सांगण्यांत येते. बिशप विल्बरफोर्सनें वानराच्या वंशावळीवरून टोमणा मारला, हक्स्लेनें त्याला तिथल्या तिथें उत्तर दिलें, आणि सभागृह दणाणलें. ह्या गोष्टीला पुढें पुष्कळ तिखटमीठ लागलें. रंगभूमीला ती शोभते. पण ज्याच्या स्वतःच्या मनांत श्रद्धा आणि शंका शेजारीं शेजारीं राहतात त्याला तिचा फारसा उपयोग नाहीं. त्या सुमारास डाउन आणि हार्वर्ड यांच्या दरम्यान आगबोटीनें जीं पत्रें जात-येत होतीं, त्यांत टाळ्या नव्हत्या. दोन विद्वान्, एकमेकांविषयीं पूर्ण आदर बाळगणारे, एका प्रश्नाशीं झगडत होते, आणि दोघांपैकीं कोणालाहि दुसऱ्याला हरविण्याची घाई नव्हती.

ग्रेचा जन्म १८१० सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील एका खेड्यांत झाला. त्यानें वैद्यकीची पदवी घेतली, पण मन लागलें तें वनस्पतींत. तरुणपणीं त्याचा कल जडवादाकडे होता. धर्म ही आपल्या कामाची वस्तु नव्हे, असेंच त्याला वाटे. न्यूयॉर्क येथें जॉन टॉरी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं तो काम करूं लागला, त्या कुटुंबाशीं त्याचा घरोबा झाला, आणि त्या घरांतील शांत, आडंबर नसलेल्या धर्मनिष्ठेच्या सहवासांत त्याचें मन पालटलें. म्हणजे ग्रेची श्रद्धा ही केवळ वाडवडिलांकडून आलेली ठेव नव्हती. शंका काय असते हें त्याला ठाऊक होतें, आणि श्रद्धा त्यानें जाणतेपणीं पत्करली होती. १८४२ पासून तो हार्वर्डमध्यें होता, आणि सबंध खंडांतून गोळा होऊन येणाऱ्या वाळलेल्या झाडपाल्याची ओळख पटविण्यांत त्याचे दिवस जात.

डार्विनचें त्याला पहिलें महत्त्वाचें पत्र आलें तें १८५५ सालीं, आणि त्यांत धर्माचें नांवहि नव्हतें. अमेरिकेंतल्या उंच पर्वतांवरील वनस्पतींची यादी डार्विनला हवी होती. ग्रेनें माहिती तर पुरविलीच, पण ती इतक्या चोखपणें पुरविली, कीं दोन वर्षांत डार्विननें त्याला आपलें मोठें गुपित सांगून टाकलें. ५ सप्टेंबर १८५७ च्या पत्राबरोबर नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचा एक गोषवारा त्यानें ग्रेकडे पाठविला. तोंपर्यंत ही गोष्ट ठाऊक असलेलीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच होतीं. पुढें वॉलेसचा निबंध येऊन थडकला, आणि १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत दोघांचेंहि लेखन वाचलें गेलें, तेव्हां डार्विनचा विचार स्वतंत्र आणि आधींचा होता ह्याचा पुरावा म्हणून ग्रेला लिहिलेल्या त्या पत्रांतील भाग वाचावा लागला. विज्ञानाच्या इतिहासांतील ह्या मोठ्या प्रसंगीं एका भाविक ख्रिस्ती मनुष्याच्या टपालानें साक्ष दिली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ग्रेनें सिद्धांत स्वीकारला तो मैत्रीखातर नव्हे. जपानांतून आलेल्या वनस्पतींचे नमुने तपासतांना त्याला आढळून आलें, कीं त्यांतील कित्येकांचे जवळचे नातलग हजारों मैल दूर, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतच आहेत. मधल्या मुलखांत ते नाहींत. हार्वर्डमधीलच दुसरा थोर शास्त्रज्ञ लुई अगासी याचें म्हणणें असें होतें, कीं प्रत्येक जाति आज जेथें आढळते तेथेंच ईश्वरानें निरनिराळी निर्माण केली. ग्रेला तें पटेना. एकाच पूर्वजांची संतति पूर्वीं उत्तरेकडे सर्वत्र पसरलेली होती, हवामान पालटलें, हिमयुग आलें, आणि ती दोन टोकांना विभागली गेली, असा उलगडा त्यानें १८५९ सालीं मांडला, आणि त्यावरून अगासीशीं त्याचा जाहीर वादहि झाला. येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. अगासीच्या उपपत्तींत ईश्वराचें नांव पदोपदीं येतें, ग्रेच्या उपपत्तींत तें मुळींच येत नाहीं. परंतु दोघांपैकीं नेमस्त, पंथनिष्ठ ख्रिस्ती होता तो ग्रे. फुलझाडांच्या प्रसाराचें कारण शोधतांना ईश्वराचें नांव मध्यें न आणणें ह्यांत त्याला कसलीच अश्रद्धा दिसली नाहीं.

‘जातींची उत्पत्ति’ हा डार्विनचा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरांत बाहेर पडला. ग्रेनें त्याची अमेरिकन आवृत्ति रीतसर निघावी आणि लेखकाला मोबदला मिळावा म्हणून खटपट केली, १८६० च्या मार्चमध्यें शास्त्रीय मासिकांत सविस्तर परीक्षण लिहिलें, आणि त्याच वर्षीं ‘अटलांटिक मंथली’ या मासिकांत सामान्य सुशिक्षित वाचकांसाठीं तीन लेख लिहिले. नैसर्गिक निवड आणि ईश्वरविषयक श्रद्धा यांत विरोध नाहीं, हा त्या लेखांचा इत्यर्थ. डार्विनला ते इतके आवडले, कीं त्यानें पुढाकार घेऊन आणि पैशाचें साहाय्य करून त्यांची पुस्तिका लंडनला विक्रीस ठेवविली, आणि १८६१ मध्यें निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत वाचकांचें लक्ष तिकडे वेधलें. ज्याला स्वतःला तो युक्तिवाद पुरता पटला नव्हता, त्यानें त्याचा असा प्रसार करावा, ह्यांत थोडें व्यवहारचातुर्य होतें हें खरें. पण केवळ तेवढेंच नव्हतें.

युक्तिवाद काय होता हें समजण्यास विल्यम पेली या धर्मशास्त्र्याकडे वळलें पाहिजे. १८०२ सालच्या त्याच्या ग्रंथांतील घड्याळाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. माळरानावर घड्याळ सांपडलें, तर तें कोणीतरी हेतुपूर्वक घडविलें असें आपण म्हणतों. मग डोळ्यासारखें त्याहून सूक्ष्म यंत्र पाहून त्याचा कर्ता कां मानूं नये? डार्विन केंब्रिजला पाद्री होण्याच्या उद्देशानें शिकत होता, आणि पेलीच्या ग्रंथांनीं त्याला त्या वयांत मनापासून आनंद दिला होता. पुढें त्याच डार्विननें दाखवून दिलें, कीं प्राण्यांत पिढीगणिक बारीकसारीक फरक पडत जातात, त्यांतले उपयोगी ते टिकतात, आणि लक्षावधि वर्षांत ह्या टिकण्या-मरण्यांतूनच डोळा घडूं शकतो. घड्याळ राहिलें, पण घड्याळजीचा हात दिसेनासा झाला.

ग्रेचें उत्तर असें, कीं हात दिसला नाहीं म्हणून हेतु गेला असें होत नाहीं. एखादी गोष्ट कोणत्या नियमानें घडली हें सांगणें निराळें, आणि ती घडावी असें कोणाच्या मनांत होतें कीं नाहीं हें निराळें. नियम हा ईश्वराचा प्रतिस्पर्धी नव्हे. ग्रह गुरुत्वाकर्षणानें फिरतात असें न्यूटननें दाखविलें तेव्हां कोणी सूर्यमालेंतून ईश्वराला काढून टाकलें नाहीं; मग सजीवांचाच नियम तेवढा भीतीचा कां व्हावा? इथपर्यंत ग्रेची भूमिका भक्कम होती, आणि आजहि ती तशी आहे.

पण तो एवढ्यावर थांबला नाहीं. पिढीगणिक फरक पडतात ते कां पडतात, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें, डार्विनलाहि नाहीं. ग्रेला वाटलें, कीं ईश्वराचा हात येथें असावा. हे फरक हितकर दिशेनेंच वळविले गेले आहेत असें मानावें, असें त्यानें सुचविलें. उतारावरून वाहणारें पाणी गुरुत्वाकर्षणानेंच वाहतें. पण तें शेताला हव्या त्याच ठिकाणीं, आंखल्यासारखें जाऊन पोंचत असेल, तर कोणीतरी पाट काढून दिला असला पाहिजे, अशा धर्तीचा त्याचा दृष्टांत होता. शेतीची माहिती असलेल्या कोणालाहि हा दृष्टांत चटकन पटेल, आणि त्यामुळेंच तो जपून वापरला पाहिजे.

डार्विनला तो पटला नाहीं. १८६८ सालीं पाळीव प्राणी व वनस्पति यांच्यांतील फरकांवर त्यानें जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या अखेरीस त्यानें मित्राचें नांव घेऊन, आदरानें पण निक्षून, आपला विरोध नमूद केला. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून एखादा गवंडी आपल्याला हवे तसे दगड निवडून इमारत बांधतो. त्या दगडांचे आकार निसर्गनियमांनींच ठरलेले असतात, हें खरें. परंतु गवंड्याला सोयीचे व्हावेत म्हणून ते तसे फुटले, असें म्हणतां येईल काय? कबूतरें पाळणाऱ्यांनीं पंख्यासारखें शेपूट असलेली जात तयार केली. ती हौस पुरी व्हावी म्हणून ईश्वरानें कबुतरांच्या पिसांत फरक पाडले, असें मानावयाचें काय? आणि तेथें मानावयाचें नसेल, तर दुसरीकडे कोणत्या आधारावर मानावयाचें? त्याच वर्षीं ग्रे सपत्नीक इंग्लंडला आला, आणि ऑक्टोबरांत डाउनला डार्विनच्या घरीं पाहुणा म्हणून राहिला. ग्रंथांत छापून निघालेल्या विरोधामुळें जेवणाच्या टेबलावर कडूपणा आल्याचें कोठें नमूद नाहीं.

ह्या मुद्द्यावर पुढील काळानें डार्विनच्या बाजूनें कौल दिला. १९४३ सालीं लुरिया आणि डेलब्र्यूक यांनीं जंतूंवर केलेल्या प्रयोगानें असें दिसून आलें, कीं रोगाणूंना मारणाऱ्या विषाणूंना दाद न देण्याचा गुण जंतूंमध्यें त्या विषाणूंशीं गांठ पडण्यापूर्वींच, आपोआप उत्पन्न झालेला असतो. गरज पडली म्हणून तो उत्पन्न होत नाहीं. १९५२ मध्यें लेडरबर्ग दांपत्यानें हीच गोष्ट आणखी स्पष्ट करून दाखविली. फरक उत्पन्न होण्यास रासायनिक कारणें आहेत, परंतु तें कारण प्राण्याच्या सोयीकडे पाहून काम करीत नाहीं. पाट काढलेला नव्हता. ग्रेनें जेथें ईश्वराचा हात ठेवला होता ती जागा, ज्ञान वाढतांच, रिकामी झाली.

ग्रेच्या श्रद्धेचा निकाल ह्यावरून लागला काय? लागला असता, जर ती श्रद्धा त्या एका जागेवर उभी असती. ग्रेच्या लेखसंग्रहाला त्यानें १८७६ सालीं जी प्रस्तावना जोडली, तींत आपलें ठिकाण त्यानें तीन शब्दांत सांगितल्यासारखें सांगितलें आहे : शास्त्रांत आपण आपल्यापरीनें डार्विनचे अनुयायी, तत्त्वज्ञानांत ईश्वरवादी, आणि धर्मांत निकीयाचा मतांगीकार मानणारे. हा मतांगीकार म्हणजे चवथ्या शतकापासून ख्रिस्ती मंडळ्या उपासनेंत म्हणत आलेली श्रद्धेची प्रतिज्ञा. तींत कबुतराच्या पिसांविषयीं किंवा जपानी झाडांविषयीं एक अक्षरहि नाहीं. तींत आहे तें ईश्वर सर्वांचा कर्ता आहे, ख्रिस्त मनुष्य झाला, त्यानें दुःख सोसलें आणि तो पुन्हां उठला, हें. ह्या गोष्टी खऱ्या कीं खोट्या हा प्रश्न गंभीर आहे, आणि साशंक मनुष्यानें तो विचारलाच पाहिजे. पण सूक्ष्मदर्शकाखालीं तो सुटत नाहीं. ग्रेनें एका ठिकाणीं श्रद्धेची मेख चुकीच्या जमिनींत ठोकली. तंबू मात्र दुसऱ्या मेखांवर उभा होता.

तीच चूक उलट बाजूनेंहि होत होती, हें विसरून चालणार नाहीं. प्रिन्स्टनचा धर्मशास्त्री चार्ल्स हॉज यानें १८७४ सालीं ‘डार्विनवाद म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारून तो निरीश्वरवाद होय असें उत्तर दिलें. ग्रेनें त्या पुस्तकावर परीक्षण लिहून ह्या उत्तराचा प्रतिवाद केला. त्याला काळजी वाटत होती ती डार्विनची नव्हे, धर्माची. उत्क्रांति खरी ठरली तर ईश्वर खोटा ठरेल, असें व्यासपीठावरून एकदां सांगून ठेवलें, कीं उत्क्रांति खरी ठरण्याच्या दिवशीं श्रोत्यांतली हुशार मुलें काय करतील हें सांगण्यास ज्योतिषी नको.

याच धोक्याचें विसाव्या शतकांतील एक उदाहरण येथें थोडक्यांत देण्याजोगें आहे, कारण त्यांत मोह अधिक मोठा होता. विश्व एका अतिशय दाट, लहान अवस्थेंतून प्रसरण पावत आलें ही कल्पना १९३१ सालीं ज्यानें मांडली, तो जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा गणिती आणि रोमन कॅथॉलिक धर्मगुरु होता. २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं पोप बारावे पायस यांनीं एका भाषणांत ह्या नव्या विश्वशास्त्रांत सृष्टीच्या आरंभाची, आदिप्रकाशाची साक्ष मिळते, अशा अर्थाचे उद्गार काढले. धर्मगुरूला याहून आनंदाची गोष्ट कोणती? लमेत्र अस्वस्थ झाला. आपली उपपत्ति धर्माच्या व तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांपासून सर्वस्वीं अलिप्त आहे, ती निरीश्वरवाद्यालाहि मोकळी आहे आणि श्रद्धावंतालाहि, असें त्याचें मत होतें. त्यानें योग्य त्या ठिकाणीं आपलें म्हणणें पोंचविलें, आणि पुढल्याच वर्षीं रोमला जमलेल्या ज्योतिर्विदांपुढें पोपनीं भाषण केलें तेव्हां तो मुद्दा पुन्हां काढला नाहीं. फायद्याचा पुरावा हातचा सोडण्यास तोट्याचा पुरावा पचविण्याइतकेंच बळ लागतें. ग्रेला जें साधलें नव्हतें तें लमेत्रला साधलें.

आतां पुन्हां त्या माशीकडे वळणें प्राप्त आहे. कारण डार्विनची शंका मुळांत घड्याळाविषयीं नव्हती. डोळा कसा झाला याचें उत्तर त्याला मिळालें होतें, आणि त्या उत्तरानें त्याची झोंप उडाली नव्हती. ती उडविली होती दुःखानें. एक सज्जन मनुष्य झाडाखालीं उभा असतां वीज पडून मरतो. तो ईश्वरानें हेतुपूर्वक मारला असें मानावयाचें काय? आणि पाकोळीनें एखादें चिलट गिळलें, तर तें चिलट त्या क्षणीं त्या पाकोळीनें गिळावें, असें योजलेलें होतें काय? मनुष्य आणि चिलट यांची स्थिति सारखीच आहे, आणि दोघांचाहि मृत्यु योजलेला नसेल, तर त्यांची मूळ उत्पत्ति मात्र योजलेलीच असावी असें मानण्याचें सबळ कारण दिसत नाहीं, असें त्यानें ग्रेला लिहिलें. नियम ईश्वराचे आणि त्यांतला तपशील, बरा असो वा वाईट, योगायोगावर सोडलेला, असा एक तोडगा त्यानें त्या मे महिन्याच्या पत्रांत काढून पाहिला. पण त्यानें आपलें समाधान होत नाहीं हेंहि लगेच कबूल केलें. सबंध विषय माणसाच्या बुद्धीपलीकडला आहे. कुत्र्यानें न्यूटनच्या मनाचा ठाव घेऊं पाहावा तसें हें आहे, असें तो म्हणाला.

हे शब्द लिहिणाऱ्या माणसाच्या घरांत नऊ वर्षांपूर्वीं काय घडलें होतें, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. त्याची थोरली मुलगी ॲनी १८५१ च्या एप्रिलमध्यें, दहा वर्षांची असतां, मॉल्व्हर्न येथें वारली. डार्विन तिच्या उशाशीं होता. बायको एमा दिवस भरत आल्यामुळें घरींच होती. त्याच्या श्रद्धेची शेवटची गांठ ह्या मृत्यूनें सुटली असें पुष्कळ चरित्रकार मानतात. एवढें नेमकें विधान करणें धाडसाचें होईल, कारण ती गांठ त्यापूर्वींच सैल होत चालली होती. त्याचा बाप आणि भाऊ अश्रद्ध होते, आणि अशा भल्या माणसांना मरणानंतर अक्षय नरक आहे असें शिकविणारा सिद्धांत त्याला नीतीच्या दृष्टीनेंच घृणास्पद वाटे. त्यानें आत्मवृत्तांत तसें स्पष्ट लिहिलेंहि होतें. तो मजकूर एमाच्या इच्छेवरून १८८७ च्या आवृत्तींतून गाळण्यांत आला, आणि १९५८ सालीं त्याच्या नातीनें तो पुन्हां छापला. पुराव्याच्या अभावामुळें आलेली शंका आणि अन्यायाच्या जाणिवेमुळें आलेली शंका, ह्या दोन निराळ्या शंका आहेत. पहिलीला उत्तर देऊन दुसरी मिटत नाहीं. डार्विनच्या मनांत दोन्हीं होत्या, आणि दुसरी अधिक खोल होती.

एमा श्रद्धाळू होती. १८३९ सालीं लग्नानंतर लवकरच तिनें त्याला एक पत्र लिहिलें. प्रामाणिकपणें शंका घेणें हें पाप असूं शकत नाहीं, हें तिनें आरंभींच मान्य केलें. परंतु सिद्ध झाल्याशिवाय कांहींच मानावयाचें नाहीं ही जी शास्त्राची संवय, ती जेथें त्या तऱ्हेची सिद्धि होणें शक्यच नाहीं अशा गोष्टींनाहि लागूं होत नाहीं ना, एवढें पाहावें, अशी तिची विनंति होती. आणि आपण दोघें कायमचीं एकमेकांचीं नाहीं असें वाटलें तर आपल्याला फार दुःख होईल, असें तिनें लिहिलें. या विषयावर विद्वानांनीं लिहिलेल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षां हें घरगुती पत्र अधिक मर्मावर बोट ठेवतें. डार्विननें तें जन्मभर जपून ठेवलें. त्याच्या कडेला त्याच्या हातची टीप आहे : आपण मेल्यावर हें तिला कळावें, कीं ह्या पत्राचें आपण किती तरी वेळां चुंबन घेतलें आणि त्यावर आंसवें ढाळलीं.

ग्रेपाशीं ह्या दुसऱ्या शंकेला काय उत्तर होतें? पूर्ण असें नव्हतें, आणि तसा आवहि त्यानें आणला नाहीं. परंतु एक गोष्ट त्यानें दाखविली ती विचार करण्यासारखी आहे. सृष्टींतला अपव्यय, लक्षावधि बीजांतून एखादेंच रुजणें, हजारों पिलांतून एखादेंच जगणें, ही गोष्ट पेलीच्या जुन्या मांडणींत एक न सुटणारें कोडें होती. प्रत्येक प्राणी जर स्वतंत्रपणें, पूर्णत्वानें घडविला, तर एवढी नासाडी कशासाठीं? डार्विनच्या सिद्धांतांत तिला कांहीं अर्थ येतो. गर्दी नसती तर स्पर्धा नसती, स्पर्धा नसती तर निवड नसती, निवड नसती तर नवें, वरचढ असें कांहीं निर्माणच झालें नसतें. म्हणजे श्रद्धावंताला डार्विन हा अडचण आणणारा नसून, जुन्या अडचणींतून थोडी वाट काढून देणारा आहे, असें ग्रे म्हणे. युक्तिवाद हुशारीचा आहे. त्यानें नासाडीचें कारण कळतें. पण कारण कळल्यानें ज्या एका सुरवंटाला आंतून पोखरलें जात आहे, किंवा ज्या एका बापाची दहा वर्षांची मुलगी जात आहे, त्याला काय मिळालें, ह्या प्रश्नाला तो युक्तिवाद हात घालीत नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेचें ह्यावर जें म्हणणें आहे तें युक्तिवादाच्या रूपाचें नाहींच. ईश्वर दुःखाबाहेर उभा राहून तें पाहत नाहीं, तो वधस्तंभावर स्वतः तें सोसतो, असें तें म्हणणें आहे. तें ज्याच्या मनास पोंचतें त्याला तें पुरतें, ज्याच्या मनास पोंचत नाहीं त्याला तें सिद्ध करून देतां येत नाहीं. ग्रे पहिल्यांपैकीं होता, डार्विन दुसऱ्यांपैकीं. आणि वनस्पतिशास्त्राचें दोघांचें ज्ञान ह्या बाबतींत कोणालाच इकडचें तिकडे करूं शकलें नाहीं.

दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. वेलींच्या तणाव्यांवर ग्रेनें एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें होतें, त्यावरून डार्विनला वेलींच्या हालचालींचा नाद लागला आणि त्यांतून एक ग्रंथ निर्माण झाला. १८७७ सालीं एकाच जातीच्या वनस्पतींवर येणाऱ्या निरनिराळ्या फुलांविषयींचा आपला ग्रंथ त्यानें ग्रेला अर्पण केला. १८८० मध्यें ग्रेनें येल येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढें विज्ञान आणि धर्म या विषयावर दोन व्याख्यानें दिलीं. उद्यां व्यासपीठावर चढणाऱ्या त्या तरुणांना एका पिकल्या केसांच्या शास्त्रज्ञानें उत्क्रांति निःशंकपणें समजावून सांगितली, आणि तीहि उपासनेला जाणाऱ्या माणसाच्या तोंडून.

त्याच्या आदल्या वर्षीं, १८७९ च्या मे महिन्यांत, एका पृच्छकानें डार्विनला विचारलें होतें, कीं मनुष्याला ईश्वर आणि उत्क्रांति दोन्हीं मानतां येतील काय? त्याविषयीं शंका घेणेंच आपल्याला चमत्कारिक वाटतें, असें डार्विननें उत्तर पाठविलें, आणि उदाहरण म्हणून दोन नांवें दिलीं : एक इंग्लंडांतील पाद्री व कादंबरीकार चार्ल्स किंग्स्ले, आणि दुसरें एसा ग्रे. स्वतःविषयीं त्यानें इतकेंच लिहिलें, कीं आपलें मन पुष्कळदां हेलकावे खातें. पण ईश्वर नाहींच असें म्हणण्यापर्यंत तें कधीं गेलें नाहीं. वय होत चाललें तसतसें अज्ञेयवादी हेंच आपलें वर्णन अधिक बरोबर ठरेल असें वाटतें. बहुतेक वेळां, नेहमींच नव्हे.